जुन्या गाडीचे हेडलाइट मंद, लुकलुकणारे किंवा एकच लागणारे: दोष कुठून शोधायला सुरुवात करायची

हेडलाइट मंद वाटला की जास्त वॅटचा बल्ब बसवायचा. तो महिन्याभरात होल्डर जाळतो, मग नवा होल्डर येतो, आणि त्याच्या मागोमाग स्टिअरिंगजवळचा स्विच जातो. जुन्या गाड्यांमध्ये हा फेरा ठरलेला आहे. खरं तर दहापैकी बऱ्याच गाड्यांत बल्ब चांगला असतो. बॅटरीतून निघालेले व्होल्ट वाटेतल्या गंजलेल्या सांध्यांत खर्च होतात आणि बल्बपर्यंत पोचतात ते दहा-साडेदहा. म्हणून काहीही विकत आणण्याआधी व्होल्ट कुठे अडले ते शोधायचं.

पुढची सगळी माहिती १२ व्होल्टच्या, तीन पिनांचा एच-४ हॅलोजन बल्ब असलेल्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे मारुती ८०० च्या पिढीतल्या. त्याहून जुन्या ॲम्बेसिडर-पद्मिनीत बल्बची बैठक वेगळी असू शकते, तपासायची रीत तीच. लांबच्या झोताला गॅरेजच्या भाषेप्रमाणे अप्पर म्हटलं आहे, जवळच्याला डिपर.

लक्षणं आधी नीट बघा

अंधारात, भिंतीसमोर गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून अप्पर आणि डिपर दोन्ही लावून बघा. कोणता दिवा, कोणत्या झोतावर, कसा वागतो ते कागदावर लिहा. निम्मं निदान इथेच होतं.

– एका बाजूचा फक्त डिपर किंवा फक्त अप्पर गेला: बल्बच्या आतली एक तार (फिलामेंट) तुटली, किंवा होल्डरची एक पिन जळली.

– एका बाजूचे दोन्ही झोत गेले: त्या बाजूचा फ्यूज, होल्डर किंवा अर्थ (बल्बमधून बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी).

– दोन्ही बाजूंचा डिपर एकदम गेला, अप्पर ठीक: आधी स्विच. पण एक डिपर आधीच गेलेला होता आणि लक्ष दुसरा गेल्यावरच गेलं, असंही फार होतं. बल्ब काढून बघितल्याशिवाय स्विच उघडू नका.

– एका बाजूचा दिवा पिवळट-लालसर, डिपरवर असतानाही मीटरजवळचा अप्परचा निळा दिवा मंद पेटलेला: त्या बाजूचा अर्थ गेला आहे. याबद्दल खाली सविस्तर.

– दोन्ही दिवे मंद, इंजिनचा वेग वाढवला की उजळतात: चार्जिंग किंवा बॅटरी.

– दोन्ही दिवे मंद, वेग वाढवून फरक नाही: तारा, सांधे, स्विच.

– खड्ड्यात लुकलुकतात: सैल कपलर (बल्बच्या मागे खुपसलेला तारांचा जोड) किंवा सैल अर्थ.

– दहा-पंधरा मिनिटं नीट चालून विझतात, थोड्या वेळाने पुन्हा लागतात: स्विचच्या आतला काँटॅक्ट किंवा फ्यूजची पकड तापते आहे. हे लक्षण टाळू नका. घाटात रात्री दोन्ही दिवे जाण्याची ही पूर्वसूचना असते.

हत्यारं फार लागत नाहीत. साधा डिजिटल मल्टिमीटर, १० चा पाना, बारीक पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, काँटॅक्ट क्लीनरचा डबा आणि दोन्ही टोकांना क्लिप असलेली दोनेक मीटर तार. त्या तारेत १० अँपिअरचा फ्यूज जोडून घ्या. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. गाडीला एलपीजी किंवा सीएनजी किट असेल आणि गॅसचा किंवा पेट्रोलचा वास येत असेल, तर आधी तो प्रश्न सोडवा. तोवर ठिणगी पडेल असं एकही काम करायचं नाही.

१. बॅटरी आणि चार्जिंग

पाच मिनिटांचं काम, म्हणून पहिलं. गाडी रात्रभर उभी असेल तर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. इंजिन चालू करून हेडलाइट लावा आणि वेग थोडा वाढवा. १३.८ ते १४.४ मध्ये आकडा स्थिरावला तर चार्जिंग ठीक. १३ च्या खाली राहिला तर आधी अल्टरनेटरचा (चार्जिंग करणाऱ्या जनित्राचा) बेल्ट दाबून बघा, मग बॅटरीचे टर्मिनल. पांढरा-हिरवा थर साचला असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवा, ब्रशने घासा, कोरडं करून घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. असं केलं की पाना चुकून बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही.

उलटी बाजूही बघा. १४.८ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेला आहे. हॅलोजन बल्बला व्होल्टेज ५ टक्क्यांनी जास्त मिळालं तर त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. दर दोन महिन्यांनी बल्ब उडत असतील तर बल्बच्या कंपनीला नावं ठेवण्याआधी हा आकडा बघा.

२. फ्यूज

फ्यूज उपसून उजेडात धरा. पात्याचा फ्यूज असेल तर लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०. तार शाबूत दिसते म्हणून फ्यूज चांगला असं नाही. मीटरवर सलगता तपासा, म्हणजे करंट आरपार जातो का ते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फ्यूज ज्या खाचेत बसतो ती खाच बघा. प्लास्टिक तपकिरी झालंय, पितळी पाकळ्या सैल झाल्यात, हात लावला तर गरम लागतंय, तर दोष तिथेच आहे. पाकळी नोकदार पक्कडीने हलकेच आत दाबा आणि क्लीनर मारून फ्यूज चार-पाच वेळा आत-बाहेर करा. जुन्या चिनीमातीच्या फ्यूजच्या गाड्यांत टोकं आणि पट्ट्या पॉलिश पेपरने घासणं हीच अर्धी दुरुस्ती असते.

फ्यूज उडालेला असेल तर त्याच आकड्याचा एकदाच बसवा. पुन्हा उडाला तर थांबा. मोठा फ्यूज, तांब्याची तार, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, यातलं काही तिथे जाता कामा नये. फ्यूज तार वाचवण्यासाठी असतो. तो टिकला की जळायची पाळी तारेची, आणि ती तार डॅशबोर्डमागे कापूस-रेक्झिनला टेकून गेलेली असते.

३. बल्ब

दिवा थंड झाल्यावर कपलर काढा, रबरी टोपी काढा, स्प्रिंग दाबून बल्ब बाहेर घ्या. आतली तार तुटलेली दिसेलच. काच काळवंडली किंवा चंदेरी झाली असेल तरी बदला. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा तापून काच त्या जागी कमकुवत होते. लागलंच तर स्पिरिटच्या फडक्याने पुसा. बल्बच्या चकतीला तीन कान असतात आणि ते एकाच तऱ्हेने बसतात. जोर लावून तिरका बसवलेला बल्ब पेटतो, पण झोत झाडांवर जातो आणि "उजेड कमी आहे" ही तक्रार तशीच राहते.

बल्ब ६०/५५ वॅटचाच घ्या. एका ५५ वॅटच्या डिपरला साडेचार-पाच अँपिअर लागतात, दोन्हींना मिळून नऊच्या वर. "१००/९०" लिहिलेले बल्ब बसवले तर अप्परला सोळा अँपिअरच्या वर जातात. तारा, होल्डर आणि स्विच त्यासाठी बनवलेले नाहीत, आणि समोरच्याच्या डोळ्यांचं काय होतं ते वेगळंच. हॅलोजनच्या परावर्तकात एलईडी बल्ब खुपसणं हाही उपाय नाही. सैल अर्थ तसाच राहतो, झोताची कड बिघडते, वर लुकलुकणं वाढतं.

४. होल्डर आणि कपलर

जुन्या गाड्यांतला सगळ्यात नेहमीचा गुन्हेगार हाच. बल्बची पिन आणि होल्डरची पकड यांच्यात ०.१ ओहम इतका किरकोळ विरोध तयार झाला, तरी ४.६ अँपिअरला तिथे जवळजवळ अर्धा व्होल्ट खर्च होतो आणि दोन वॅटहून जास्त उष्णता एका टाचणीएवढ्या जागेत साठते. उष्णतेने पकड सैल होते, सैल झाली की विरोध वाढतो, विरोध वाढला की आणखी तापते. शेवटी प्लास्टिक वितळून पिन मागे सरकते. कपलर ओढून काढताना एखादी पिन बल्बलाच चिकटून राहिली, तर हे चक्र पूर्ण झालं असं समजा.

नुसता हिरवा गंज असेल तर क्लीनर आणि बारीक पेपर पुरतो. तपकिरी डाग, ठिसूळ प्लास्टिक किंवा तारेचं आवरण कडक झालेलं दिसलं तर होल्डर बदला, आणि बदलायचाच तर सिरॅमिकचा घ्या. मागची तार काळी पडली असेल तर तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागे कापत जा. काळ्या तांब्यावर नवा जोड टिकत नाही. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नका. थिंबल (तारेच्या टोकावर दाबायची धातूची नळी) दाबून किंवा डाख देऊन वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी चढवा. कोकणात किनाऱ्याजवळ राहणाऱ्या गाड्यांत खारी हवा तारेच्या आवरणाखालून बरीच आत शिरलेली असते, तेव्हा दोन-तीन इंच जास्त कापायची तयारी ठेवा. बॉनेटखाली उंदरांचा वावर असेल तर तारांचा जुडगा हाताने चाचपत जा. अर्धवट कुरतडलेली तार डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळते.

५. अर्थ

इथे थोडं थांबू, कारण या दोषाने भलेभले फसतात.

एच-४ बल्बमध्ये दोन तारा (फिलामेंट) आणि दोघींची एक सामाईक पिन असते. डिपर लावला, डाव्या दिव्याचा अर्थ तुटलेला आहे. डिपरच्या तारेतून आलेला करंट सामाईक पिनेपर्यंत येतो आणि अडतो. मग तो त्याच बल्बच्या अप्परच्या तारेतून उलटा निघतो, अप्परच्या वायरने उजव्या दिव्याकडे जातो आणि तिकडच्या अप्परच्या तारेतून उजव्या अर्थला मिळतो. तीन तारा एकामागे एक आल्या, प्रत्येकीच्या वाट्याला चार-एक व्होल्ट. म्हणून डाव्या बल्बच्या दोन्ही तारा लालसर दिसतात आणि निळा दिवा उगाच मिणमिणतो. बल्ब बदलून उपयोग शून्य. खात्री करायला संशयित बाजूचा कपलर काढा. निळा दिवा त्याच क्षणी विझला तर दोष त्याच बाजूचा.

पण एक मेख आहे. सगळ्या गाड्यांत सामाईक पिन अर्थची नसते. काही जपानी धाटणीच्या गाड्यांत सामाईक पिनेला फ्यूजमधून थेट पॉझिटिव्ह येतो आणि स्विच निगेटिव्ह बाजू जोडतो-तोडतो. तिथे हेच लक्षण एका बाजूचा फ्यूज उडाल्यावर दिसतं. म्हणून आधी तुमची गाडी कोणत्या जातीची ते ठरवा. कपलर काढा, मीटरची काळी टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि लाल टोक कपलरच्या तिन्ही पिनांना आळीपाळीने. एकाच पिनेवर डिपरलाही आणि अप्परलाही कायम १२ व्होल्ट दिसले तर सामाईक पॉझिटिव्ह. डिपरला एक पिन जिवंत आणि अप्परला दुसरी, असं असेल तर सामाईक अर्थ.

सामाईक अर्थ असल्याची खात्री झाली तरच पुढची युक्ती करा. कपलर पुन्हा लावा, हेडलाइट चालू ठेवा, फ्यूजवाली क्लिपची तार बल्बच्या अर्थ पिनेपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा. दिवा एकदम पांढरा झाला तर अर्थ दोषी. सामाईक पॉझिटिव्हच्या गाडीत ही तार लावणं म्हणजे सरळ शॉर्ट.

अर्थची तार बहुधा दिव्यामागे मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर बोल्टने बसवलेली असते. डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाडीत त्या बोल्टखाली रंग गेलेला असतो. बोल्ट सोडवा, रिंग आणि पत्रा दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून आवळा, वरून जेली लावा. पत्राच गंजून पापुद्रे सुटले असतील तर दोन्ही दिव्यांकडून २.५ चौरस मिलिमीटरची तार थेट बॅटरीच्या निगेटिव्हकडे न्या. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी जाड पट्टीही याच बसणीत उघडून साफ करा.

६. व्होल्ट कुठे अडले ते मोजणं

बल्ब न लावता कपलरवर १२ व्होल्ट दिसले म्हणून "करंट येतोय" असं म्हणण्यात अर्थ नाही. वीस धाग्यांपैकी एकच धागा शिल्लक असलेली तारही मोकळी असताना पूर्ण १२ दाखवते. बल्ब जोडलेला आणि पेटलेला असतानाच मोजायचं. कपलरच्या मागून, तारेला लागून टोक आत सरकवा.

मीटर २० व्होल्ट डीसीवर. सामाईक अर्थच्या गाडीत लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी टोक बल्बच्या डिपर पिनेवर, डिपर चालू. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट पॉझिटिव्हच्या वाटेत खर्च होत आहेत. ०.५ पर्यंत चालेल, १ च्या वर असेल तर दुरुस्ती हवीच. मग लाल टोक बल्बच्या अर्थ पिनेवर, काळी बॅटरीच्या निगेटिव्हवर. इथे ०.२ च्या आत हवं. सामाईक पॉझिटिव्हच्या गाडीत मोजणी तीच, फक्त स्विचमधून येणारी वाट निगेटिव्ह बाजूला असते, त्यामुळे ०.५ ची सवलतही त्या बाजूला.

आकडा जास्त आला तर एक टोक जिथे आहे तिथेच ठेवा आणि दुसरं बल्बपासून एकेक सांधा मागे आणत जा: कपलर, मधला जोड, स्विच, फ्यूजची अलीकडची बाजू, पलीकडची बाजू. ज्या दोन ठिकाणांच्या मध्ये आकडा झपकन उतरतो, तिथे दोष.

एवढी मेहनत का, तर हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगाने पडतो. १३.२ ऐवजी ११ व्होल्ट पोचले तर उजेड जवळजवळ निम्मा होतो. आकडा नीट पोचूनही दिवा मंद असेल, तर विजेत शोधणं थांबवा. परावर्तकाचा मुलामा उडाला आहे किंवा काच-प्लास्टिक धुरकटलं आहे.

७. स्विच

अनेक जुन्या छोट्या गाड्यांत हेडलाइटला रिले नसतो, म्हणजे कॉइलमधल्या लहान करंटने मोठा करंट जोडणारा वेगळा स्विच नसतो. नऊ-दहा अँपिअर थेट स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचमधून जातात. दांडी अर्धवट धरली की दिवे लागतात, सोडली की जातात, किंवा दांडीजवळ जळका वास येतो, तर आतले काँटॅक्ट खाल्ले गेले आहेत. ॲम्बेसिडरमधला पायाने दाबायचा डिपर स्विच मॅटखालच्या ओलीने गंजतो. तो बहुधा साफ करून, वंगण देऊन चालू होतो. कॉम्बिनेशन स्विच मात्र उघडून काँटॅक्ट घासले तरी ती महिन्या-दोन महिन्यांची सोय असते. बदलणं बरं, आणि बदलल्यावर लगेच रिले घालणं त्याहून बरं, नाहीतर नवाही त्याच वाटेने जातो.

८. रिले

१ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ४ मीटर लांब असेल तर तिचा विरोध ०.०७ ओहम. नऊ अँपिअर वाहिले की सांधे अगदी नवे असले तरी सहा दशांश व्होल्ट तारेतच जातात. रिले बॅटरीजवळ बसवून २.५ चौरस मिलिमीटरची दीड मीटर तार दिव्यापर्यंत नेली, तर हाच आकडा ०.१ वर येतो, आणि स्विचमधून रिलेच्या कॉइलपुरते ०.१५-०.२ अँपिअर जातात.

चार पिनांचे, १२ व्होल्ट ३०-४० अँपिअरचे दोन रिले लागतात, एक डिपरला, एक अप्परला. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून पहिल्या १५ सेंटिमीटरच्या आत प्रत्येकी १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेची ३० आकड्याची पिन. पिन ८७ नव्या सिरॅमिक होल्डरकडे. एका बाजूच्या जुन्या कपलरमधली डिपरची तार एका रिलेच्या ८६ ला, अप्परची दुसऱ्याच्या ८६ ला. दोन्ही रिलेच्या ८५ त्याच जुन्या कपलरच्या सामाईक पिनेला जोडा, बॉडीला नाही. असं केलं की सामाईक अर्थ असो वा सामाईक पॉझिटिव्ह, जोडणी दोन्हीत चालते. बाजारातले तयार हार्नेस (रिलेसकट तारांचे जुडगे) काही गाड्यांत "चालतच नाहीत" ते बहुधा ८५ बॉडीला दिल्यामुळेच. मात्र कॉइलवर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले घेऊ नका, त्याला दिशा असते. दुसऱ्या बाजूचा जुना कपलर टेप लावून बांधून ठेवा. रिले पिना खाली करून बसवा, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही.

इथे हात थांबवा

दिव्यांचे दोन्ही कपलर काढलेले असतानाही फ्यूज उडतो, तर शॉर्ट जुडग्यात कुठेतरी आहे. ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं. डॅशबोर्डखाली तारा एकमेकींत वितळलेल्या दिसल्या, धूर किंवा जळका वास आला, तर बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि गाडी चालवत नेऊ नका, इलेक्ट्रिशियनला जागेवर बोलवा. चार्जिंग १४.८ च्या वर असेल तर अल्टरनेटर-रेग्युलेटरवाल्याकडे. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असलेल्या गाडीत कॉम्बिनेशन स्विच घरी उघडू नका. आणि वरची मोजणी करूनही दोष दर वेळी वेगळ्या जागी दिसत असेल, तर आधी कोणीतरी हॉर्न, फॉगलॅम्प, टेप यांच्या तारा हेडलाइटमधून चोरून घेतलेल्या असतात. अशा गाडीला अनुभवी वायरमनच्या एका पूर्ण दिवसाची गरज असते. त्याला तुमचे लिहून ठेवलेले आकडे द्या, शोधण्याचा अर्धा वेळ वाचतो.

दुरुस्ती झाल्यावर झोत तपासून घ्या, कारण पूर्ण व्होल्टेज मिळालेला दिवा आधीपेक्षा बराच लांब जातो. सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटरवर, चाकांत हवा बरोबर ठेवून, डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली आणि डावीकडे किंचित चढलेली दिसायला हवी. ती उजवीकडे चढत असेल तर दिवा परदेशी, उजव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठीचा आहे. तो स्क्रूने जुळत नाही, बदलावाच लागतो.